अध्यक्षांच्या भाषणानंतरची गिटार

माझ्याकडे एक कॅसेट आहे. तिच्या पहिल्या बाजूला आमच्या तालुका खरेदी-विक्री संघाच्या अध्यक्षांचं भाषण आहे. दुसऱ्या बाजूलाही पहिली दहा मिनिटं तेच. त्यानंतर अमेरिकेतला एक माणूस गिटार वाजवतो. हे दोघे आयुष्यात कधी भेटले नाहीत. त्यांना एका फितीवर आणण्याचं काम सहकारानं केलं.

कॅसेट मी बीडला एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर घेतली. त्या काळात हिंदी सिनेमाची गाणी नुसत्या गिटारवर वाजवलेली मिळत, मला ती हवी होती. घरी लावली तर भलताच माणूस गिटारीबरोबर इंग्रजीत ओरडायला लागला. पुढच्या खेपेला तक्रार केली तेव्हा टपरीवाला म्हणाला, "तुमी गिटार मागितली, मी गिटार दिली. त्यात गिटार न्हाई का?" होती. तक्रार करायला गेलो खरा, पण कॅसेट मी घरीच ठेवून गेलो होतो.

कारण आठवडाभरात त्या माणसानं मला धरलं होतं. गाणं सुरू व्हायच्या आधी त्याची गिटार एकटीच पुढं येते, अरुंद रस्त्यावर मागून हॉर्न देत ट्रक यावा तशी. दोन तारा एकदम दाबून तो त्या वर सरकवत नेतो, आणि मागं पियानोवाला बस सुटल्यासारखा धावत असतो. आवाजात कसलीही खोली नाही, दुःख नाही, संदेश नाही. मोटारगाडी, शाळेची घंटा, नाचणारी पोरगी, एवढेच विषय. बी.ए.च्या इंग्रजीवर मला निम्मे शब्द कळत आणि उरलेल्यांची गरज पडत नसे. अडीच मिनिटांत गाणं संपतं. आमच्या अध्यक्षांना व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावं घ्यायलाच याहून जास्त वेळ लागे.

मी संघाच्या पशुखाद्याच्या गोदामावर कारकून होतो. दुष्काळाचं दुसरं साल चालू होतं. पेंडीची गाडी आली की दोन तासांत संपे आणि मग दिवसभर नुसतं पत्र्याचं रिकामं गोदाम. संघाचा टेपरेकॉर्डर शेतकरी मेळाव्यांसाठी घेतलेला, तो माझ्याच ताब्यात असे. रिकाम्या गोदामात ती गिटार अशी घुमायची, की भरल्या गोदामात तिची मजा गेली असती. दुष्काळाचा हा फायदा कुठल्याही अहवालात आलेला नाही.

माझा एकमेव सहश्रोता म्हणजे हमालांचा मुकादम. सगळे त्याला मामा म्हणत. पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, "ह्यो मानूस भांडतोय का गातोय?"

"गातोय, मामा."

"मग एवढी घाई कावून? पोत्यावर बोली लागली का?"

चौथ्या दिवशी तो पोत्यावर बोटांनी ठेका धरून होता. कॅसेटच्या कव्हरवर त्या वादकाचा फोटो होता. गिटार पुढं धरून, गुडघ्यात वाकून, एक पाय पुढं फेकत तो मंचावर चाललेला. जाणकार त्या चालीबद्दल बरंच काही लिहीत असतील. मामानं फोटो लांब धरून पाहिला आणि म्हणाला, "क्विंटलचं पोतं घेतल्यावर आमी असंच चालतो. फक्त ह्यो हसतोय."

मग वार्षिक सर्वसाधारण सभा आली. भाषण टेप करून संघाच्या दप्तरी ठेवायचं, असं अध्यक्षांनी ठरवलं. कोरी कॅसेट आणायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. शिपायानं माझ्या टेबलाच्या खणातून ती उचलली. भरलेल्या कॅसेटवर चुकून रेकॉर्डिंग होऊ नये म्हणून तिच्या कडेला खाचा असतात. त्यानं त्या मागच्या वर्षीच्या अहवालाचा कागद चावून बुजवल्या. अहवालाचा तेवढाच उपयोग झालेला मी पाहिला.

"अरे, माझी गाणी होती त्यात!"

"सायेब, मी दोन्ही बाजूनं ऐकून बघितली. मराठी कायच नव्हतं. मला वाटलं, बिघडल्याली हाय."

पहिली बाजू गेली. दुसऱ्या बाजूला दहा मिनिटं भाषण चाललं आणि वीज गेली. अध्यक्ष माइकशिवाय आणखी तासभर बोलले, पण इतिहास त्याला मुकला. फितीवर ते म्हणतात, "शेतकऱ्याच्या दारात पाणी आल्याशिवाय हा तुमचा सेवक स्वस्थ बसणार..." आणि तिथं एक घरघर होऊन गिटार सुरू होते. वीस मिनिटांची गाणी वाचली होती.

ती मला परत हवी होती. व्यवस्थापक म्हणाले, "आता ती संघाची. दप्तरात चढलेली वस्तू ठरावाशिवाय बाहेर जात नाही." नवी कोरी कॅसेट देऊ केली, भाषण तिच्यावर उतरवून घ्या म्हटलं. त्यांनी मूळ प्रत म्हणजे मूळ प्रत, असं सांगितलं. टपरीवर पुन्हा गेलो तर तशी दुसरी नव्हती. "कुणी मागतच न्हाई," टपरीवाला म्हणाला.

त्यातच अध्यक्षांनी आदेश काढला की पेंडवाटपाच्या जीपवर भोंगा लावून भाषण गावोगाव ऐकवावं. जीपबरोबर मीच जायचो. पहिल्या गावात टँकरची वाट बघत बायका घागरी मांडून बसल्या होत्या. भाषण सुरू झालं, कुणी मान वर केली नाही. बाजू बदलली, तेच. मग "स्वस्थ बसणार..." आणि गिटार. सगळ्या माना एकदम वळल्या.

एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "आता कुठं सायेब मुद्द्याचं बोलाय लागले."

टँकरचा पत्ता नव्हता. तिनंच मला हाक मारली, "ए बाबा, ते मागचं पुन्यांदा लाव. सुरवातीचं नगं."

गावोगाव असंच झालं. लोक भाषण शेवटपर्यंत ऐकतात, पुन्हा लावा म्हणतात, हे अध्यक्षांच्या कानावर गेलं. ते इतके खूश झाले की कॅसेट दरवर्षी फिरवायची म्हणाले. इकडे धुळीनं फीत दोनदा अडकली होती. दोन्ही वेळा पेन्सिल घालून मी ती गुंडाळली, आणि दोन्ही वेळा शेवटचं एकेक गाणं चुरगळलं. अजून एक उन्हाळा गेला असता तर माझ्याकडे नुसतं स्वस्थ बसणं उरलं असतं.

मामा संघाचा सभासद होता. त्याची दोन एकर कोरडवाहू होती. मी त्याला फक्त रड सांगितली होती, दुसरं काही नाही.

पुढच्या वर्षीची सभा दुपारच्या जेवणाच्या वेळेला भिडली. मंडपामागं बुंदी तयार होती आणि वास पुढपर्यंत येत होता. व्यवस्थापक विषय वाचत, सभासद वाक्य संपायच्या आत "मंजूर, मंजूर" ओरडत. आमच्याकडे सभा अशीच चालते. शेवटी अध्यक्षांच्या परवानगीनं आयत्या वेळचे विषय आले. हा मथळा वाचायचा असतो, विषय मांडायचा नसतो. मामा उभा राहिला.

"भाषणाची कॅसेट गोदामातल्या सायबाची हाय. ती त्यास्नी वापस..."

"मंजूर! मंजूर!" मंडप ओरडला आणि निम्मे लोक चपला शोधायला लागले.

अध्यक्षांचा चेहरा पडला. तासाभरापूर्वीच ते म्हणाले होते की ही सभा सार्वभौम आहे.

"पण मामा, लोकांना ऐकायचं असतं ना ते," ते म्हणाले.

"लोकांनी लई ऐकलं, सायेब. आता ह्यांना ऐकू द्या."

व्यवस्थापकांनी इतिवृत्तात स्वतःच्या अक्कलहुशारीनं एक अट घातली: तिच्यावरील भाषण न पुसण्याच्या अटीवर कॅसेट परत. सर्वानुमते.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोदामात कॅसेट लावली. मामा पेंडीच्या पोत्यावर टेकून बसला. मी फीत पळवत गिटारपर्यंत न्यायला लागलो तसा त्यानं हात वर केला.

"लई म्होरं नका नेऊ. ते स्वस्थ बसणार तेवढं ऱ्हाऊ द्या. त्याच्याबिगर मजा न्हाई येत."

मी फीत मागं घेतली.