शेवटची कधी घेतली होती

डॉक्टरांनी तो प्रश्न सकाळपासून तीन वेळा विचारला होता. "दारू घेतात का हे? घेत असतील तर शेवटची कधी घेतली होती?" पहिल्या वेळी भासऱ्यांनी उत्तर दिलं, दुसऱ्या वेळी सासूबाईंनी. तिसऱ्या वेळी डॉक्टर माझ्याकडे वळले. मी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि फरशीकडे बघत राहिले.

उत्तर पक्कं माहीत होतं ते मला एकटीलाच. शुक्रवारी, दिवेलागणीला. आणि तो दिवस सोमवार होता.

भासरे म्हणजे माझ्या मालकांचे मोठे भाऊ. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको भासऱ्यासमोर बोलत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांच्याशी एक शब्दही थेट बोललेले नाही. ते समोर बसलेले असले तरी मी सासूबाईंना सांगते, "आत्याबाई, ताट वाढलं म्हणा." ते ऐकतात आणि उठतात. त्यांनाही मला काही सांगायचं असलं तर ते भिंतीला सांगितल्यासारखं सांगतात. यात कुणाला काही वावगं वाटत नाही, मलाही वाटत नव्हतं. माणूस वाईट नाही. मालकांची माळ त्यांनीच घडवून आणली होती.

आमच्या गावात सप्ताह बसतो. काल्याच्या दिवशी कीर्तन संपलं की ज्यांना दारू सोडायची ते पुढे जातात, बुवा त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ घालतात आणि सगळ्या गावासमोर शपथ होते. त्या शनिवारी भासऱ्यांनी मालकांना हाताला धरून पुढे नेलं. बाया टाळ्या वाजवत होत्या. सासूबाई रडत होत्या. मीही रडले, पण माझं रडणं भीतीचं होतं, कारण मालकांचे हात तेव्हाच थरथरू लागले होते.

ते हात मला ठाऊक होते. आमचा भाजीपाल्याचा मळा आहे. डोणगावच्या बाजाराला कोथिंबीर जाते. सकाळी उठल्यावर मालकांना जुडी बांधता येत नसे, बोटांतून सुतळी निसटायची. मग मी स्टीलच्या गिलासात दारू आणि पाणी घालून द्यायची. अर्धा गिलास गेला की हात थांबायचे आणि ते सपासप जुड्या बांधायचे. हे मी कितीतरी दिवस केलं. नाही दिली तर माल वेळेवर निघत नसे. दुपारी एक क्वार्टर, संध्याकाळी दुसरी, कधी त्यावरही. बाहेरच्यांना वाटायचं, संध्याकाळची घेतो, बाकी माणूस धडधाकट आहे. सकाळच्या गिलासाचं फक्त मला माहीत होतं.

माळ घातल्यावर शनिवारी दुपारी त्यांनी जेवण टाकलं. रविवारी ओकाऱ्या झाल्या, अंगातला सदरा पिळून काढावा इतका घाम आला. झोप नाही. मी चुलीपाशी होते तेव्हा जवळ येऊन हळूच म्हणाले, "थोडीशी दे वं. दवाई म्हणून दे. फक्त हात थांबू दे."

"माळ हाय ना गळ्यात," मी म्हटलं.

"काढतो न् देतो तुह्या हाती. पेल्यावर घालतो."

मी दिली नाही. सासूबाई ओट्यावरून बघत होत्या. भासरे आले, त्यांनी मालकांच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "सोस बापू. वर्षायची घाण निघून राह्यली अंगातून. तीन दिवस सोस." गल्लीतली माणसंही तेच म्हणत होती. जितका जास्त त्रास तितकी माळ खरी लागली, असा सगळ्यांचा समज होता. मीही तसंच समजून घेतलं. मला याहून वेगळं काही माहीतच नव्हतं.

सोमवारी सकाळी मालक मला ओळखेनात. अंगात ताप होता. भासऱ्यांनी गाडी केली आणि आम्ही मोठ्या दवाखान्यात आलो.

डॉक्टर तरुण होते, पण घाई करणारे नव्हते. त्यांनी नाडी धरली, डोळ्यांत बॅटरी मारली, हात पुढे करायला लावले. बोटं वाऱ्यातल्या पानासारखी हलत होती. मग तो प्रश्न आला.

भासरे म्हणाले, "डॉक्टरसाहेब, माळकरी मानूस हाये. त्याचं नावच घेऊ नका."

ते खोटं बोलत होते असं मला आजही वाटत नाही. माळ गळ्यात पडली की मागचं सगळं गेलं, असं ते मनापासून मानतात. सोडलेली गोष्ट परत तोंडावर आणणं म्हणजे माळेचा अपमान. सासूबाईंनीही तेच धरून ठेवलं, "सुपारी बी नाई खात माहं लेकरू." तिसऱ्या वेळी माझी पाळी आली तेव्हा भासरे खाटेच्या पायथ्याशी उभे होते, माझ्यापासून दोन हातांवर. मी तोंड उघडलं तर पहिल्यांदाच त्यांच्यासमोर बोलणार होते, आणि तेही त्यांना खोटं पाडायला. मी पदर पुढे ओढला. डॉक्टरांनी थोडा वेळ वाट बघितली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. दोन दिवस पोटात अन्न नव्हतं म्हणून साखरेची सलाईन लावली.

शेजारच्या खाटेवर एक म्हातारे होते, पाय मोडलेले. त्यांची बायको सगळं ऐकत होती. डॉक्टर गेल्यावर मला म्हणाली, "काय झालं वं तुह्या मालकाले?"

"ताप आहे."

"ताप." ती नवऱ्याकडे बघून म्हणाली, "आमच्या बुढ्यानं त पाय मोडल्यावर पह्यलं हेच विचारलं, इथं दारूचा पाव मिळते का म्हनून. डॉक्टरबी हासले."

"गप बस ना," म्हातारे म्हणाले.

"काऊन गप बसू? खरं सांगतलं म्हनून त तुले दवाईच्या गोया भेटल्या, नाईतर तूबी असाच लटलट कापत पडला असता." मग ती माझ्याकडे बघत राहिली. तिला कळलं होतं. मी उठून पाण्याच्या नळाकडे गेले. तिथे नर्स दिसली. सिस्टर, असं म्हणायला तोंड उघडलं, पण तिच्या हातात दोन बाटल्या आणि मागे चार माणसं होती. ती निघून गेली. मी रिकामा तांब्या भरला आणि परत आले.

दुपारी बाराच्या सुमारास मालकांचं वेगळंच सुरू झालं. आधी चादरीवरून मुंग्या झटकू लागले. एकही मुंगी नव्हती. मग ते उठून बसले आणि हवेतून काहीतरी वेचून डाव्या हातात धरू लागले. मूठ भरली की उजव्या हाताने गुंडाळायचे, गाठ मारायचे, बाजूला ठेवायचे. परत वेचायचे. मी बघताक्षणी ओळखलं. ते जुड्या बांधत होते. सुतळी म्हणून सलाईनची नळी ओढत होते. "आवर वं, गाडी उभी हाये," मला म्हणाले. सुई निघाली, चादरीवर रक्त आलं. भासऱ्यांनी दोन्ही दंड धरले तर त्यांच्याकडे बघून ओरडले, "सोड बे, कोन तू?"

सासूबाई म्हणाल्या, "बाहेरचं लागलं याले. माळेच्या दिवशीच कोनीतरी केलं."

डॉक्टर धावत आले. ताप, भ्रम, कंप, म्हणून मेंदूताप वाटतो, असं त्यांनी भासऱ्यांना सांगितलं. पाठीच्या कण्यात सुई घालून पाणी काढावं लागेल, डोक्याचा फोटो काढायला दुसऱ्या गावी न्यावं लागेल. भासऱ्यांनी मान हलवली. "जे करायचं ते करा साहेब. भाऊ वाचला पायजे." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. दोन वॉर्डबॉय मालकांना कुशीवर वळवू लागले. मालक त्यांच्या हातात अजून जुडी बांधत होते.

"रोज घेत होते," मी म्हटलं.

कुणाला ऐकू गेलं नाही. मी परत म्हटलं, या वेळी मोठ्याने, आणि माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "साहेब, रोज घेत होते. सकाळी उठल्यापासून. मीच द्यायची. शुक्रवारी दिवेलागणीला शेवटची घेतली. त्याच्यानंतर थेंब नाही."

डॉक्टरांनी हात वर करून वॉर्डबॉयना थांबवलं. "किती? देशी? किती वर्षं? आधी सोडली होती तेव्हा असं झालं होतं? झटका आला होता?" मी एकेका प्रश्नाचं उत्तर देत गेले. भासऱ्यांकडे बघितलं नाही. त्यांच्या पायातली चप्पल तेवढी दिसत होती. ती चप्पल वळली आणि वॉर्डाबाहेर गेली.

डॉक्टर मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. नर्सला म्हणाले, साखरेची सलाईन परत लावू नकोस, आधी व्हिटॅमिनचं इंजेक्शन दे, मग मेंदू शांत करायचं. मग मला समजावलं. रोज दारू लागणारं शरीर ती एकाएकी बंद झाली की बिथरतं. हात कापतात, झटके येऊ शकतात, तिसऱ्या दिवशी भ्रम होतो. माणूस यात जातोसुद्धा. शिवाय रोजच्या दारूने अंगातलं व्हिटॅमिन संपतं, ते न देता साखर चढवली तर मेंदूला, आठवणीला इजा होऊ शकते. "सोडायचीच होती, पण दवाखान्यात येऊन सोडायची होती. गोळ्या देऊन, हळूहळू कमी करत. तो जो त्रास सगळे सोस म्हणत होते ना, तो सोसायचा नव्हता." आजारात दुसरं काही मिसळलेलं नाही ना, हे बघायला फोटो मात्र काढावा लागेल, असंही म्हणाले. दुसऱ्या दिवशी तो काढला, त्यात काही निघालं नाही.

नर्स दर तासाला यायची. नाडी मोजायची, हात पुढे करायला लावायची, तळहाताला घाम आहे का बघायची. मग विचारायची, "कुठे आहात? कोणता वार आहे?" मालक म्हणायचे, "मळ्यात. शुक्रवार." ती कागदावर आकडा लिहायची आणि आकडा मोठा असला तर परत इंजेक्शन द्यायची. हात बांधू नका, ओळखीचं माणूस जवळ बसू द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून मी बसले. ते जुड्या माझ्या मांडीवर ठेवायचे आणि मी त्या घ्यायची.

सासूबाई माझ्याशी बोलल्या त्या दुसऱ्या दिवशी. "काऊन बोलली वं तू? आन् बोलायचंच होतं त सकाळीच काऊन नाई बोलली?" दोन्ही प्रश्न त्यांनी एकाच दमात विचारले.

पाचव्या दिवशी हात थांबले. मालकांनी मला ओळखलं, चहा मागितला. म्हाताऱ्याची बायको म्हणाली, "जिंकली वं पोरी." मलाही तसंच वाटलं. घरी जायच्या दिवशी भासरे गाडी घेऊन आले आणि दाराशी उभे राहून सासूबाईंना म्हणाले, "गोया कशा द्यायच्या ते विचारून घे म्हना तिले." मी तिथेच होते.

घरी आल्यावर हळूहळू लक्षात आलं. मालकांना जुनं सगळं आठवतं. लग्नाच्या पंगतीत कोण रुसलं होतं तेही सांगतात. पण सकाळचं संध्याकाळी राहत नाही. जेवून उठले की जेवायला मागतात. सप्ताह आठवत नाही, दवाखाना आठवत नाही. दारू सोडली हेही त्यांना माहीत नाही. रोज सकाळी उठून मला म्हणतात, "आन ना वं माहं गिलास." मी रोज सांगते, तुम्ही सोडली. रोज ते चकित होतात, मग चिडतात, मग विसरतात. गावात सगळे म्हणतात, माळ लागली बरं का, पुन्हा दारूच्या ठेक्याकडे फिरकला नाही. फिरकत नाहीत, कारण मी त्यांना एकटं सोडत नाही.

महिन्याने दाखवायला नेलं. आम्ही दोघंच गेलो. डॉक्टरांनी विचारलं, सकाळी काय खाल्लं? मालक म्हणाले, "शेगावले गेलो होतो, तिथंच जेवलो. वरण-पोळी." बोलताना अडखळले नाहीत. आम्ही महिनाभर गावाबाहेर पडलो नव्हतो. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि मी मान हलवली. व्हिटॅमिनच्या गोळ्या चालू ठेवा, थोडंफार सुधारेल, पूर्ण येईल असं सांगत नाही, म्हणाले.

मालकांना बाहेर बाकावर बसवून मी परत आत गेले. इतके दिवस मनात होतं ते विचारलं. "साहेब, मी सकाळीच सांगितलं असतं तर यांचं डोकं वाचलं असतं का?"

"लवकर कळलं असतं तर चांगलंच झालं असतं," ते म्हणाले. "पण त्या तीन-चार तासांमुळेच हे झालं, असं मी म्हणू शकत नाही. त्यांच्या आधी दोन दिवस गेले होते. त्यांच्या आधी वर्षं गेली होती. कुणालाच सांगता येणार नाही, बाई."

मला त्यांनी हो म्हणायला हवं होतं, नाहीतर नाही. यातलं एक घेऊन मला घरी जाता आलं असतं.

बसमध्ये मालकांना खिडकीची जागा मिळाली. शेजारच्या माणसाने विचारलं, कुठून येऊन राह्यले? मालक म्हणाले, सुलतानपूरला लग्न होतं, पोरीकडचे लोक चांगले निघाले, मांडव मोठा घातला होता. त्या माणसालाही गंमत वाटू लागली. तो विचारत गेला, हे सांगत गेले. किती दिवसांनी कुणीतरी त्यांच्याशी इतकं बोलत होतं. मधेच माझ्याकडे वळून म्हणाले, "हो ना वं?"

मी हो म्हटलं.