‘करण्यात आले’ गुरुजी

नागभीडकडच्या त्या गावात गुणवंतराव गुरुजींना पाठीमागे सगळे ‘करण्यात आले’ गुरुजी म्हणत. हयातभर त्यांनी मराठी शिकवले आणि शाळेच्या सभांची इतिवृत्ते लिहिली; ती भाषा अंगात मुरली होती. शेजारच्या वारलूने “जेवले का गुरुजी?” म्हणून विचारले, तर “भोजन आटोपण्यात आले आहे,” असे उत्तर येई.

घरातही ही सवय कामी आली होती. बायकोचे नाव मोठ्याने घेणे त्यांच्या घरी वावगे समजत. न घेता न घेता पुढे जीभच वळेनाशी झाली. “चहा मिळेल का?”, “दार लावलं गेलं का?” एवढ्यावर संसार सुरळीत चालला होता.

अडले ते यंदा. गावच्या मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावावर बायकांचा मासेमारी गट उभा करणाऱ्या रंभाबाईंचा, म्हणजे गुरुजींच्याच पत्नीचा, ग्रामपंचायतीने सत्कार ठरवला. मानपत्र लिहायचे आणि वाचायचे अर्थातच गुरुजींनी.

रंभाबाई ओसरीवर फाटके जाळे सांधत बसल्या होत्या. गुरुजींनी मजकूर वाचून दाखवला. “तलावात विषारी औषध टाकण्यात आले. मासे मेले. त्यानंतर काठची बेशरम वनस्पती उपटण्यात आली. माशांची बोटभर पिल्ले, म्हणजे बोटुकली, सोडण्यात आली. महिलांना एकत्र आणण्यात आले…”

सुई थांबली.

“यात मी कुठी आहो?”

“सगळीकडे तूच आहेस.”

“मले तं नाई दिसून राह्यली. बेशरम का आपोआप उपटली? अन् बोटुकली आभायातून पडली?”

“घरच्याच माणसाची स्तुती… जरा संयम राखण्यात आला.”

“राखा मंग. पण हे वाचाल तं मी मंडपात नाई येत. रिकाम्या खुर्चीले हार घाला.”

ती बोलली की बदलत नसे, हे गुरुजींना पक्के ठाऊक होते. त्यांनी नवा कागद घेतला, पहिल्यांदाच ‘रंभाने बेशरम उपटली’ असे लिहिले आणि त्यांच्यातला व्याकरणाचा मास्तर जागा झाला.

“बघ, ‘ने’ लावला तरी प्रयोग कर्मणीच राहतो. क्रियापद बेशरमीच्याच मागे जातं.”

“जाऊ द्या त्याले कोनाच्याबी मागं. माझं नाव तं पुढं आलं ना?”

गुरुजींना ते पटले. प्रयोगाचे नाव काही असो, कर्ता दारात उभा असला की वाक्याला चेहरा येतो. मग त्यांना चेवच आला. एकेका वाक्याला धनी शोधत ते अगदी वरच्या ओळीपर्यंत गेले आणि सगळ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट त्यांनी लिहून टाकली: “बुधूने तलावात विषारी औषध टाकले.”

“बुधूचं नाव काढा,” रंभाबाई म्हणाल्या.

“काऊन?” गुरुजींच्या तोंडून गावची बोलीच निघाली.

“त्याची सून चंचल आता आपल्या गटात हाये. तोबी मंडपात बसन. त्याले काऊन मान खाली घालाले लावता? तिथी तुमचं ते ‘टाकण्यात आले’च बरं.”

गुरुजी हसले. जन्मभर स्वतः पांघरलेली ‘करण्यात आले’ची शाल प्रथमच योग्य खांद्यावर पडत होती.

सत्काराच्या दिवशी रंभाबाई खुर्चीवर बसल्या होत्या. “तलावात विषारी औषध टाकण्यात आले,” हे वाक्य गुरुजींनी शांतपणे वाचले. मागच्या रांगेत बुधूने गळ्यातला दुपट्टा नीट केला आणि तो तसाच ताठ बसून राहिला. पुढचे वाक्य आले. कागदावर लिहिताना सोपे वाटलेले नाव आता ओठांवर येईना. मंडप वाट पाहू लागला.

“घ्या गुरुजी, घ्या! उखाणा घ्या!” वारलू पुढून ओरडला.

हशा पिकला. रंभाबाईंनी पदर तोंडाशी नेला, पण डोळे गुरुजींवरून हलवले नाहीत.

“रंभाने,” गुरुजी खणखणीत आवाजात म्हणाले. वाक्याचा उरलेला भाग टाळ्यांत बुडाला, म्हणून त्यांनी ते पुन्हा पहिल्यापासून वाचले.