शिडीदादा आणि मंडळाची लंगडी

थांबा, सगळं बाजूला ठेवा, हे मला आत्ताच सांगायचंय, नाहीतर घरी पोचेपर्यंत मी फुटेन! सिंगापूरच्या चांगी विमानतळाहून परतीच्या एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसून टाइप करतेय, चुका झाल्या तर समजून घ्या. शिडीदादा गेला. तासाभरापूर्वी. विमानतळाच्या त्या अवाढव्य दारातून, ज्यातून हत्तीवर बसलेला माणूससुद्धा आरामात गेला असता, तो वाकून गेला. आणि दाराला "सॉरी" म्हणाला. तो प्रत्येक दाराला म्हणायचा. आमच्या वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये पहिल्या आठवड्यात त्याचं कपाळ इतक्या वेळा आपटलं, की नंतर त्याने आपटायच्या आधीच माफी मागायला सुरुवात केली.

शिडीदादा हे नाव आईने ठेवलेलं. सहा फूट आठ इंच. माळ्यावरचे डबे तो उभ्याउभ्या काढून द्यायचा. अमेरिकेतल्या एका छोट्याशा गावात चार वर्षं कॉलेजकडून बास्केटबॉल खेळला, तिथल्या मोठ्या लीगने काही घेतलं नाही, मग पठ्ठ्या परदेशी लीग शोधत निघाला. तीन वर्षांत दोन देश झाले आणि दोन्हीकडून सीझनच्या मध्येच घरी पाठवलं. इथल्या टीमने एक महिन्याच्या ट्रायलवर बोलावलं होतं आणि आमची रिकामी खोली त्याने भाड्याने घेतली. आमच्याशी अर्थातच इंग्लिशमध्ये बोलायचा, मी मराठीत सांगतेय. बाहेरून आणलेल्या खेळाडूंना ते लोक इम्पोर्ट म्हणतात. "मी खेळाडू नाही गं," तो म्हणायचा, "मी इम्पोर्टेड फळ आहे. आतून खराब निघालो की पेटी परत." हसत म्हणायचा. पण ही शेवटची संधी होती. ही गेली असती तर गावी जाऊन मामाच्या टायरच्या दुकानात बसायचं, हे ठरलेलं.

त्याच्या जेवणाची आईला भयंकर काळजी. दोन पोळ्यांवर तो हात धुवायला उठला की ती ओरडायची, "अरे बस खाली! एवढ्या उंच माणसाला दोन पोळ्या? खालपर्यंत पोचायच्या आधीच वाटेत संपतील!" मी भाषांतर केलं की तो गंभीरपणे पायांकडे बघायचा आणि म्हणायचा, "काकू बरोबर बोलतात, डाव्या पायाला अजून काही मिळालं नाहीये." असा होता.

आता मूळ कांड. कल्पना माझी होती, आधीच कबूल करते.

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या स्पोर्ट्स डेला मोठ्यांची लंगडी असते. आम्ही वुडलँड्सवाले विरुद्ध कॉन्डोवाले, म्हणजे महागड्या खासगी सोसायट्यांतले. कॅप्टन आमचे बाबा, आणि आम्ही दरवर्षी हरतो. कॉन्डोवाल्यांकडे स्विमिंग पूल आहे, जिम आहे, आणि वर ते चांगलेही खेळतात, हे फार लागतं. मी सहज म्हटलं, "बाबा, घरात एवढा प्रोफेशनल पडलाय."

बाबा तांजोंग पगार भागातल्या एका बँकेत ऑडिटर. त्यांनी मंडळाची नियमावली चष्मा लावून वाचली. "‘सभासदाच्या घरातील व्यक्ती’ असं लिहिलंय. तो आपल्या घरात जेवतो. बसतं!"

आई म्हणाली, "अहो, त्याच्या करारात लिहिलंय ना, दुसरा कुठलाही खेळ खेळायचा नाही?"

"लंगडी हा खेळ नाही," बाबा म्हणाले. "तो संस्कार आहे."

मग आमच्या बिल्डिंगखालच्या मोकळ्या जागेत मी त्याला शिकवलं. "एका पायावर? मग दुसऱ्याचं काय करू?" "वर धर." "कुठे?" हा प्रश्न खरंच कठीण होता. तो पाय दुमडला तरी शेजाऱ्यांपर्यंत जात होता. पण दोन संध्याकाळी आणि जमलं की हो!

रविवारी मैदानात तो उतरला आणि कॉन्डोवाले आधी हसले. चार उड्यांत सहा जण बाद. सहा! बाबा नाचत होते. मग राहिल्या त्यांच्या देशपांडेकाकू. वय बासष्ट, पंजाबी ड्रेस, स्पोर्ट्स शूज, कोपऱ्यात गनिमी काव्याने दबा धरून. त्याने झेप घेतली आणि नेमक्या त्याच क्षणी काकू बुटाची लेस बांधायला खाली बसल्या. अंगावर पडू नये म्हणून त्याने हवेतल्या हवेत अंग फिरवलं, त्याच एका पायावर वळला, जाताजाता काकूंच्या खांद्याला हलकेच हात लावला आणि मग कोसळला. आम्ही जिंकलो. आणि त्याचा घोटा मोदकाएवढा सुजला.

आईने आंबेहळदीचा लेप लावला. सोमवारी टीमच्या फिजिओने मोजा काढला तर पाय पोटरीपर्यंत पिवळाधम्मक. "काकूंच्या हातून वरण सांडलं," याने ठोकून दिलं. थाप दुपारपर्यंतच टिकली. कॉन्डोवाल्यांनी व्हॉट्सअॅप ग्रुपवर अख्खा व्हिडिओ टाकला होता, ‘हे कोणत्या नियमात बसतं?’ असं विचारून. फिरत फिरत तो थेट कोचकडे पोचला.

शिडीदादाने आमचं नाव घेतलं नाही. पण बाबांना कळलं, आणि कधी रजा न घेणारे बाबा हाफ डे टाकून, टाय लावून कोचसमोर उभे राहिले. मी सोबत. बाबा म्हणाले, "चूक माझी आहे सर. घरचा म्हणून उतरवला. शिक्षा त्याला नको." मग लंगडी म्हणजे काय हेही दहा मिनिटं सांगितलं, न विचारता.

कोच अंकल व्हिडिओ बघत राहिले. पुन्हा. पुन्हा. मग शिडीदादाला इथल्या खास सिंगापुरी इंग्लिशमध्ये म्हणाले, "वन लेग कॅन टर्न लाइक दॅट, टू लेग्ज व्हाय कॅनॉट, आह?"

तरी नियम तो नियम. क्लबने त्याला काढलं. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. शिडीदादाच त्यांच्यासमोर ताट घेऊन बसला, "काका, तुम्ही खा, नाहीतर काकू तुमच्याही पोळ्या मला वाढतील."

आणि आता ऐका! कोच अंकलनी तोच व्हिडिओ जपानमधल्या एका लहान गावातल्या टीमच्या कोचला पाठवला, त्यांच्या जुन्या मित्राला. तिकडून निरोप आला, त्या काकूंना वाचवणारा माणूस आम्हाला हवाय. ट्रायल नाही, पूर्ण सीझन! घोटा बरा व्हायला तीन आठवडे लागले, तेवढे दिवस तो आमच्याकडेच राहिला, आणि आईने भाड्याचं नावही काढू दिलं नाही.

आज विमानतळावर त्याने बाबांना नवा करार दाखवला. खेळाडूने दुसरे कुठलेही खेळ खेळू नयेत, असं कलम होतं आणि पुढे खेळांची यादी. स्कीइंग, मोटारसायकल, पॅराशूट, आणि सगळ्यात शेवटी, छापील अक्षरांत, लंगडी. बाबांनी त्या पानाचा फोटो काढला, मग चष्मा पुसला, मग पुन्हा पुसला. आता इथे माझ्या शेजारी बसलेत आणि समोरच्या अनोळखी मलय आजोबांना तो फोटो दाखवतायत. आई खिडकीबाहेर बघतेय.

मला हसू येतंय, पण सारखं एकच विचारावंसं वाटतंय. तुमच्या हातूनही कधी असा घोळ झालाय का, की ज्यात माणसाचं भलं झालं आणि त्याच भल्यापायी तो तुमच्यापासून लांब गेला? सांगा ना, प्लीज, माझं स्टेशन यायच्या आत!