गाल फुगवून

माझी लेक पुण्याच्या प्रयोगशाळेसाठी ठिकठिकाणच्या हवेचे नमुने गोळा करते. परवा मीही तिच्याबरोबर डोंगरावर गेलो. वाऱ्याकडे तोंड करून, श्वास रोखून तिनं काचेच्या बाटलीची तोटी उघडली. आपला श्वास आत गेला तर नमुना बिघडतो म्हणे.

सहज मागं वळलो. तिथली हवामानाची यंत्रं राखणाऱ्या हौसाबाई पन्नास पावलांवर पदरानं नाक दाबून, गाल फुगवून उभ्या होत्या.

तोटी बंद करून लेक हसली. "मावशी, एवढ्या लांबून काही होत नाही. घ्या श्वास."

"न्हाई गं बाय. सकाळधरनं चुलीच्या धुरात व्हते मी. आमची हवा पुण्याला जायचीय, चांगली जाऊ दे."

वारा कुणाच्याच मालकीचा नसतो, असं मी आजवर समजत होतो. हौसाबाईंनी मात्र तो घरचा डबा भरून द्यावा तसा दिला.

काल लेकीनं आमच्या गच्चीवर तशीच बाटली उघडली. खाली चौकात गाड्या धूर ओकत होत्या. तिथं माझ्या एका श्वासानं काय बिघडणार होतं? तरी तोटी बंद होईपर्यंत मी कठड्याशी गाल फुगवून उभा होतो.