अल्विनच्या जिभेवरची राख

आमच्या ह्युऑन खोऱ्यात अल्विन डिरीनच्या जिभेला जेवढा मान होता, तेवढा पाद्रीबाबांच्या शब्दालाही नव्हता. मूळचा हा सफरचंदं निवडणारा माणूस. लोकांनी बागा तोडून द्राक्षं लावली, तेव्हा तोही वेलींकडे वळला. वाइन चाखायच्या दिवशी सकाळचा चहा बंद. कोरडा पाव, थंड पाणी, मग एक घोट आणि एकच वाक्य. तीस वर्षांत त्यानं एकही वाक्य मागे घेतलं नव्हतं.

त्या मार्चमध्ये रानातला वणवा नुकताच विझला होता. गावच्या आग विझवणाऱ्या पथकात अल्विन सहा आठवडे राबला होता. पिनो न्वार द्राक्षाचं साल पातळ. धूर चटकन धरतं, पण नुसतं द्राक्ष खाऊन तो कळत नाही. म्हणून मळ्याची मालकीण रोना ट्रिफिटनं वरच्या आणि खालच्या उतारावरची बादलीभर द्राक्षं आधीच तोडून आंबवली होती. वाइन धुरकट निघाली, तर वर्षाचं पीक वेलींवरच सोडायचं. नाहीतर उद्यापासून तोडणी.

चाखायच्या दिवशी मी तिच्या शेडच्या दारात पिंप धूत होतो. अल्विन पाय ओढत आला.

"मेलेला वॉलबी कांगारूसुद्धा तुझ्यापेक्षा टवटवीत दिसतो रे," रोना म्हणाली.

"तू दिसणारच ताजी. वणवाभर होबार्टला बहिणीच्या सोफ्यावर होतीस."

टेबलावर तीन पेले होते. वरच्या उताराचा, खालच्या उताराचा आणि ताडून पाहायला मागच्या वर्षीचा. जुनी वाइन नेहमी शेवटी, हा त्याचा नेम. त्यानं पहिला पेला हुंगला, घोट घेतला आणि बराच वेळ जमिनीकडे पाहत राहिला.

"धूर आहे."

रोना उलट्या खोक्यावर बसली. "म्हणजे वरचं सगळं सोडून द्यायचं?"

नेम मोडून अल्विननं मधेच मागच्या वर्षीचा पेला उचलला. त्या साली खोऱ्यात काडीसुद्धा पेटली नव्हती. घोट गिळून तो थांबला. पुन्हा एक घोट घेतला. मग पेला इतका हळू खाली ठेवला, की आवाजही झाला नाही.

गप्प बसला असता तर कुणाला कळलं असतं?

"रोना, यातही राखच लागतेय. धूर माझ्यातच आहे गं. माझं ते बोलणं धरू नकोस."

"मग वाइनचं काय?"

"ते मला नाही सांगता येणार. तू चाख. तुझं नाक अजून स्वच्छ आहे."

"मी? मला काय कळतंय, कपाळ!"

"गीळ आणि शंभर मोज. धूर मागून येतो."

तिनं वरच्या उताराच्या पेल्यातून घोट घेतला आणि ती डोळे मिटून पुटपुटत मोजू लागली. शंभरावर थांबली नाही, दीडशेपर्यंत गेली.

"चेरी," ती म्हणाली. "ओली माती. बाकी काही नाही, अल्विन. खरंच काही नाही."

"मग वरच्या उतारावर माणसं बोलाव."

खालच्या उताराचा पेला अजून भरलेलाच होता. तो रोनापुढे सरकवून अल्विन माझ्याकडे वळला. "चहाची किटली ठेव रे," तो म्हणाला. "आणि साखर जास्त घाल."