ऑर्गनची पानं उलटताना

अंधेरीतल्या आमच्या जुन्या चर्चमध्ये ऑर्गनचा कार्यक्रम संपला, की मागच्या अंगणात चहा होतो. तिथे कुणीतरी म्हणतं, "ते आठवतं का रे?" आणि मग अंधारून येईपर्यंत कुणी उठत नाही. किस्से आम्ही जमवले नाहीत. एवढं जुनं वाद्य आणि त्याच्या मागे धावणारी आम्ही चार माणसं, ते आपोआप साचत गेले.

मी सावंत, दिंडोशीचा. भजनी मंडळात पेटी वाजवायचो. साकीनाक्याला माझ्याच ऑफिसात फिलू होती, हे कार्यक्रम तीच ठरवायची. एकदा म्हणाली, "पानं उलटायला ये ना, यार. ऑब्री सरांचे दोन्ही हात अडकलेले असतात, आणि खालच्या पट्ट्यांवर पाय पण."

ऑब्री सर आमचे ऑर्गनिस्ट. सत्तरी ओलांडलेले, बोलायला मोजके. पहिल्याच दिवशी घाबरून मी दोन पानं एकदम उलटली. सर न थांबता पुढचं वाजवत राहिले. नंतर मी सॉरी म्हणायला गेलो, तर म्हणाले, "राहू दे. तो मधला भाग मलाही कधी आवडला नाही."

*

एकदा ऐन कार्यक्रमात ऑर्गनच्या एका नळीचा सूर अडकला. सरांनी बोट उचललं तरी तो आपला चालूच. फिलू कुजबुजली, "वाट लागली." सरांनी नोटेशन बाजूला सारलं आणि त्या अडकलेल्या सुराभोवतीच मनाने काहीतरी वाजवायला घेतलं.

त्या दिवशी माझी आई आली होती, मूळची मालवणची. बाहेर तिने सरांचा हात धरला. "बाकीचा माका काय कळूक नाय, पण तंबोरो बरो लागलो हां."

मी सरांना तिचं मालवणी समजावून सांगायला गेलो, तर ते म्हणाले, "कळलं रे. पुढच्या वेळी मुद्दाम अडकवू."

*

या ऑर्गनच्या नळ्यांना सतत हवा लागते. ती विजेवरच्या पंख्याने भरतात. वीज गेली, तर मागे जुना लाकडी दांडा आहे, तो वरखाली करून भाता भरायचा.

फिलूचा नवरा बॉस्को प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या बाकावर बसून झोपायचा. वीज गेली तेव्हा फिलूने त्यालाच दांड्याला जुंपलं. झकास चाललं होतं. मग संथ चाल आली, आणि सूर हळूहळू बसायला लागले. फिलू मागे धावली. बॉस्को दांड्यावर डोकं टेकून गाढ झोपलेला.

"संथ ऐकलं की मला झोप येते," तो तिला शांतपणे म्हणाला, "हे तुला लग्नाआधीपासून माहीत आहे."

बॉस्को आता मुलाकडे कॅनडात असतो. फोनवर अजून विचारतो, "लाईट जाते का रे?"

*

सरांची बायको, मेबल आंटी. शेवटची काही वर्षं तिला अजिबात ऐकू यायचं नाही. तरी ती एकही कार्यक्रम चुकवायची नाही. ऑर्गनला खेटून खुर्ची घ्यायची आणि लाकडावर तळहात ठेवून डोळे मिटायची.

कार्यक्रम संपला, की सगळे सरांचं कौतुक करायचे. आंटी मात्र म्हणायची, "ऑब्री, आज डावा पाय घसरला." सर हसून मान डोलवायचे. ती बरोबर असायची.

आंटी गेली. सरांनी ऑर्गनला कुलूप लावलं, किल्ली फिलूच्या हातात दिली आणि म्हणाले, "दुसरा कुणीतरी बघ." आम्ही घरी जाऊन विनवलं, पण ते विषय बदलायचे. फिलूने दुसरं कुणी बघितलं नाही.

वर्ष उलटल्यावर एका रविवारी ते आपणहून आले. "आज वाजवतो," एवढंच म्हणाले. मी पानं उलटायला उभा राहिलो. इतकं सुंदर वाजवताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. लोक उठून टाळ्या वाजवत राहिले.

फिलूचे डोळे भरले होते. "सर, आज एकही चूक नाही."

सरांनी झाकण बंद केलं. "झाली की," ते म्हणाले. "पहिल्याच पानावर. मी शेवटपर्यंत वाट बघितली."