शॅननचे मळके कागद

काम खरोखर झालेले आहे आणि त्याचा कागद तेवढा मागाहून केलेला आहे, तर ते काम झाले म्हणायचे की नाही? सेनन हेहिरची हकिकत शॅननमध्ये अनेकांच्या तोंडून ऐकली, तरी या प्रश्नाचे उत्तर लिहिणाऱ्याला अजून देता आलेले नाही.

विमाने भाड्याने देण्याचा धंदा आयर्लंडच्या त्या पश्चिम टोकाला नुकता रुजत होता, तेव्हाचा हा सेनन. भाड्याची मुदत संपून परत आलेले विमान आणि त्याचे कागद तपासायचे, मगच ते ताब्यात घ्यायचे, हे त्याचे काम. कोणता भाग कोणी उघडला, कोणी बसवला, हे त्या त्या माणसाच्या सहीने कार्डावर असेल तरच तो भाग विमानात राहायचा; नाहीतर तो चांगला असूनही मोडीत जायचा. सेननला कार्डे मळकी आवडत. ग्रीसचा अंगठा, चहाच्या कपाचे वर्तुळ, पावसाने फुटलेली शाई. असे कार्ड हाती आले की तो म्हणे, ‘‘हे विमानाखाली उभं राहून आलंय.’’

तो स्वतःही तिथूनच आला होता. गुडघे कुरकुरू लागेपर्यंत त्याने हँगरमध्ये मॅलकी कॉन्सिडाइनच्या जोडीने काम केले. खाडीवरचा वारा उघड्या दारांतून आत शिरायचा, रॉकेलच्या वासात कुठल्यातरी चुलीतल्या पीटचा, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या जळणाचा, धूर मिसळायचा, आणि पंखाखाली उकिडवे बसून दोघे लोणी लावलेला काळा पाव खायचे. टेबलाशी बसून काढलेल्या साऱ्या वर्षांत तशी भूक आपल्याला पुन्हा लागली नाही, असे सेनन सांगे.

१९८७च्या वसंतात मॅलकीच्या छोट्या दुरुस्ती कंपनीतून एका विमानाची कार्डे सेननकडे आली. लँडिंग गिअरची, म्हणजे विमानाच्या चाकांच्या यंत्रणेची, कार्डे कोरी करकरीत होती. अक्षर गोल, मठाच्या शाळेतले. दर नाताळला मॅलकीच्या घरून येणाऱ्या शुभेच्छापत्रावरचे. खाली सगळीकडे एकाच शाईत मॅलकीची सही. सेनन तडक त्याच्या घरी गेला.

‘‘जुनी कुठं आहेत?’’

मॅलकीच्या आधी त्याची बायको कन्सेप्टा बोलली. ‘‘चुलीत घातली मी. काय ते तेलाचे डाग, सेनन. तुमच्या कंपनीचे लोक येणार, आणि त्यांच्यापुढे तसली लक्तरं ठेवायची?’’

आपल्या घरी मिस्सा, म्हणजे पाद्रीने चालवायची गावची प्रार्थना, व्हायची पाळी आली की पाद्री येण्याआधी घराला चुना मारायची तिकडची रीत. गोठाही सुटत नाही. कन्सेप्टाने तोच चुना कागदांना मारला होता.

‘‘आणि सह्या? काम तर तुझ्या हाताखालच्या ओडरनने केलं होतं.’’

‘‘ओडरन बॉस्टनला गेला,’’ मॅलकी म्हणाला. ‘‘पण मी शेजारी उभा होतो. काम चोख झालंय. माझ्यावर विश्वास आहे की नाही तुझा?’’

‘‘आहे.’’

‘‘मग घे की.’’

‘‘तू माझ्या ओळखीचा आहेस रे. पुढच्या माणसाच्या नाहीस. गिअर पुन्हा उघडावं लागेल.’’

‘‘टेबलाशी बसून फार शहाणा झालास,’’ मॅलकी म्हणाला. कन्सेप्टाने चहा ओतला, पण कोणी प्यायले नाही. त्या क्षणी सेननच्या हातात काय होते हे तिघांनाही ठाऊक होते. त्याने मान डोलावली असती तर विमान नव्या भाडेकरूकडे गेले असते आणि रविवारी प्रार्थनेनंतर दोघे मित्र नेहमीसारखे भिंतीला टेकून गप्पा मारत उभे राहिले असते. त्याने मान डोलावली नाही.

गिअर उतरवले. मॅलकीने स्वतः सगळे सुटे केले, आणि सेनन नियमाप्रमाणे बाजूला उभा राहिला. एकेकाळी अशा वेळी पाना मागावा लागत नसे, हात पुढे झाला की तो त्यात यायचा. आता सेननने सवयीने पाना पुढे केला, तेव्हा मॅलकी म्हणाला, ‘‘राहू दे, तपासणारा म्हणून तुझी सही व्हायचीय.’’ आणि पेटीतून दुसरा घेतला.

आत काहीही चुकलेले निघाले नाही. ओडरनने प्रत्येक खीळ जिथल्या तिथे घातली होती. मॅलकीने नवी कार्डे जागेवरच भरली, सह्या केल्या आणि शेवटच्या कार्डावर ग्रीसने माखलेला अंगठा सावकाश दाबला.

‘‘घे. मळवलं तुझ्यासाठी.’’

सेननने ते कार्ड तपासले, बरोबर असल्याचे सांगितले आणि फाइलला लावले. भांडण असे झालेच नाही. रस्त्यात भेटले की दोघे हवापाण्याचे बोलत, आणि ते बोलणे दिवसेंदिवस अधिक सभ्य होत गेले. कन्सेप्टाची नाताळची पत्रे येत राहिली. तिचे अक्षर पाहिले की सेनन पाकीट थोडा वेळ न उघडता हातात धरून बसे, असे त्याची बहीण सांगते.

१९९५च्या सप्टेंबरात क्लेअर परगण्याने कित्येक पिढ्यांनंतर हर्लिंगचा, म्हणजे काठी-चेंडूच्या आयरिश खेळाचा, अंतिम सामना जिंकला. तो पाहायला सेनन आणि मॅलकी दोघेही डब्लिनला गेले होते, वेगवेगळ्या मोटारींतून.